पहिली धार

नमिता सायप्रसहून सुट्टीवर आली ती सुमेधाची पिशवी घेऊनच. करंजाड्याहून रिक्षा करून ती नावडे कॉलनीत पोचली, वरच्या मजल्यापर्यंत जिने चढली आणि धापा टाकत पिशवी दुर्गाबाईंच्या मांडीवर ठेवली.

"जयभीम मावशी. घ्या बाई एकदाची ताब्यात. तुमच्या लेकीनं डोकं खाल्लं माझं. बाटली फुटेल, बाटली फुटेल! माझ्या सगळ्या साड्या हिच्याभोवती गुंडाळून आणल्यात."

दुर्गाबाईंची मुलगी सुमेधा आणि ही नमिता, दोघी त्या बेटावर म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायला होत्या. सुमेधा डोंगरातल्या एका गावात आंद्रूला नावाच्या म्हातारीकडे राहायची. तिला ती याया म्हणायची. तिकडे आजीला याया म्हणतात.

टॉवेलच्या घड्या सुटल्या आणि बाटली बाहेर आली. साधी काचेची, वर चिठ्ठी नाही, नाव नाही. आत पाण्यासारखं स्वच्छ काहीतरी, गळ्यापर्यंत भरलेलं. बूच मेणानं बंद केलेलं.

घरात तेव्हा सगळे होते. शनिवारची दुपार. मुलगा चंद्रशेखर गोडाऊनमधून पहिली पाळी करून येऊन जेवायला बसला होता. सून संघप्रिया त्याला वाढत होती. दारातल्या खुर्चीवर नावडे गावातला मारोती बसला होता. दुर्गाबाईंचे मालक शिवराम आणि मारोती तळोज्याच्या एकाच कंपनीत राबले. शिवराम वारले तरी मारोतीचं येणं काही बंद झालं नाही. दुपारचा चहा तो इथंच प्यायचा.

"मावशी, व्हॉईस ऐकवते हां तुमच्या मुलीचा," म्हणत नमितानं फोनवरचा मेसेज लावला. सुमेधाचा आवाज खोलीभर झाला.

"आई, ही झिवानिया आहे. म्हणजे दारूच आहे, पण तू घाबरू नको, गुडघ्यांना चोळायची आहे. इथं कंबर धरली, खोकला झाला, की हीच चोळतात. यायाच्या घरची आहे. पहिल्या धारेची! तुझ्यासाठी तिनं मुद्दाम वेगळी काढून ठेवली होती."

चंद्रशेखरचा घास हातातच राहिला. मारोती खुर्चीत सरळ झाला.

"पयले धारंची?" तो म्हणाला. "ती कोन चोळायला देतंय?"

सगळ्यांची नजर चंद्रशेखरकडं गेली.

"आई, माझ्याकडं काय बघते?" चंद्रशेखर म्हणाला. "जेवतोय मी."

"मी कुठं बघतेय रे."

"सगळेच बघताय. प्रिया बघतेय, काका बघतायत. नमिता, तू पण बघून घे, लाजू नको. फुकट आहे."

नमिता कशीबशी हसली, पाणी प्यायली आणि निघून गेली.

चंद्रशेखरची दारू सुटली होती. मागच्या भीमजयंतीला त्यानं विहारात सगळ्यांसमोर हात जोडून पंचशील घेतलं होतं, आणि तेव्हापासून तो शब्दाला जागला होता. दर आठवड्याला कळंबोलीला मीटिंगला जायचा. तिथं त्याच्यासारखीच माणसं बसून आपापलं बोलायची. तो परत आला की दुर्गाबाई दार उघडताना थोडं पुढं वाकायच्या. वास घ्यायला. त्यांना वाटायचं, त्याला कळत नाही.

विश्वास ठेवायचा म्हटलं तरी एक गोष्ट त्यांच्या डोळ्यांसमोरून जात नव्हती. लॉकडाऊनमध्ये दुकानं बंद होती, तेव्हा ह्याच पोरानं साखर घालून सॅनिटायझर प्यायला होता. संडासाचं दार तोडून बाहेर काढावं लागलं होतं. ज्यानं हात धुवायचं औषध सोडलं नाही तो गुडघ्याला लावायचं सोडेल का, असं मनात यायचं आणि त्या स्वतःच्याच मनावर चिडायच्या.

झिवानिया कशी काढतात ते दुर्गाबाईंनी पाहिलं होतं. गेल्या दिवाळीच्या आसपास सुमेधानं व्हिडिओ कॉल लावला होता. यायाच्या अंगणात तांब्याचा मोठा हंडा चुलीवर ठेवलेला. द्राक्षांचा रस काढून झाला की जो चोथा उरतो तो त्या हंड्यात घातलेला. वर झाकण, झाकणातून नळी, नळी थंड पाण्याच्या पिंपातून गेलेली, आणि पलीकडे थेंब थेंब पडणारं. भोवती गावातली माणसं खुर्च्या टाकून बसलेली. कुणी निखाऱ्यात बटाटे भाजतंय, कुणी अक्रोड फोडतंय. काळ्या झग्यातला पाद्रीसुद्धा इवलासा ग्लास घेऊन बसला होता.

मारोतीनं तेव्हा फोन दुर्गाबाईंच्या हातातून जवळजवळ ओढून घेतला होता.

"ही तर आमचीच भट्टी! तोच हंडा, तीच नळी. आमी गूळ नि नवसागर घालायचो, ते द्राक्षं घालतान." मग आवाज बारीक करून विचारलं होतं, "सुमे, पोलीस येत नाय काय गो?"

"येतो ना काका. तो बघा, निळ्या शर्टातला. तो बटाटे भाजतोय."

मारोती पुष्कळ वेळ बघत राहिला होता. जवानपणी त्यानं खाडीच्या खारफुटीत हातभट्टी लावली होती. चिखलात कमरेइतकं उभं राहून, कुत्रं भुंकलं तरी हंडा पाण्यात ढकलून पळायचं. एकदा पकडला गेला, मार खाल्ला. कंपनीत लागल्यावर भट्टी सुटली आणि पुढं साखरेचा आजार झाल्यावर पिणंही सुटलं. पण त्या दिवशी फोन परत देताना तो म्हणाला होता, "आमी चोरासारकी काढली नि चोरासारकी पिली. नि ह्यांचा बगा, देवाचा मानूस बाजूला घेऊन बसलेन."

शनिवारी जेवून चंद्रशेखर आतल्या खोलीत आडवा झाला. संघप्रिया खालच्या दुकानात गेली. मारोती म्हणाला, "वैनी, दावा बगू बाटली. बूच मी काढून देतो, तुमच्यानं नाय निंगनार."

त्यानं खिशातल्या चावीनं मेण खरवडलं, बूच काढलं. बाटली उजेडाकडं धरून हलवली आणि वर आलेल्या बुडबुड्यांकडं एखाद्या सोनारासारखा बघत राहिला. मग नाक लावलं. डोळे मिटले.

"भावोजी, पुरे. वास सुटेल घरात."

"नुसता वास घेतो गो. वासाला पन बंदी काय?"

दुर्गाबाई हसल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. चहा झाला, मारोतीनं तो बशीत ओतून घाईनं प्यायला, आपली पिशवी खांद्याला लावली आणि निघाला. बाटलीला त्यानं बूच लावून टॉवेल गुंडाळून ठेवला होता. दुर्गाबाईंनी ती तशीच उचलली आणि तांदळाच्या डब्यात खोल पुरली. चंद्रशेखर तांदळाच्या डब्याला कधी हात लावत नाही, हा त्यांचा हिशोब.

रविवारी सकाळी विहारात जायच्या आधी गुडघे चोळून घ्यावेत म्हणून त्यांनी डबा उघडला. खाली फरशीवर तांदळाचे दाणे सांडले होते. बाटली बाहेर काढून टॉवेल सोडला. गळ्यापर्यंत भरलेली बाटली खांद्याच्याही खाली आली होती. एक पेला तरी कमी होता.

आतल्या खोलीत चंद्रशेखर डोळ्यांवर हात घेऊन पडला होता.

"उठायचं नाही का रे?"

"डोकं धरलंय आई. काल गोडाऊनमध्ये पत्रा तापला होता."

त्या त्याच्यावर वाकल्या. वास आला नाही. पण ह्या बाटलीचाच वास त्यांना नीट ठाऊक नव्हता, शिवाय तोंड धुवून तो परत पडला असेल तर? त्या बाहेरच्या गॅलरीत गेल्या आणि सुमेधाला फोन लावला. सरळ विचारायची हिंमत होईना.

"सुमे, ती बाटली... तिकडं लोक ती पितात पण ना?"

"पहिली? छे! पहिली धार याया कुणाला ओठाला लावू देत नाही. तिच्यात विष उतरतं म्हणते. ती वेगळी काढायची, चोळायला आणि काचा पुसायला. पितात ती नंतरची. इथं एकजण तरुणपणी पैजेवर प्यायला होता म्हणे पहिली, त्याचे डोळे गेले. अजून काठी घेऊन फिरतो." मग ती थांबली. "आई, का विचारतेस? कोण प्यायलं?"

दुर्गाबाईंनी हातातल्या बाटलीकडं बघितलं. आपल्याकडं लहानपणापासून ऐकलेलं, पहिल्या धारेची म्हणजे सगळ्यात चांगली. लग्नात मानाच्या पाहुण्याला पहिल्या धारेची. सुमेधानं ते दोन शब्द कौतुकानं उच्चारले होते आणि घरातल्या प्रत्येकानं ते तसेच ऐकले होते.

"आई, शेखरदादा का? आई, बोल ना! त्याला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने. थांबू नको. हे लगेच कळत नाही, नंतर डोळे जातात, माणूस पण जातो."

फोन चालूच ठेवून दुर्गाबाई आत आल्या. गुडघे विसरून पळत आल्या.

"शेखर, ऊठ. खरं सांग मला. ओरडणार नाही मी. तू प्यायलास ना त्यातली?"

चंद्रशेखर उठून बसला. आधी आईकडं बघितलं, मग तिच्या हातातल्या बाटलीकडं.

"नाही."

"बाळा, ती विषारी आहे. सुमी सांगतेय, डोळे जातात. नुसतं हो म्हण. मी विहारात कुणाला सांगणार नाही."

"आई, मी नाही प्यायलो."

"मग बाटली कमी कशी झाली? डब्याखाली तांदूळ सांडलेत!"

"तांदूळ मी काढले, आई," संघप्रिया दारातून म्हणाली. "रात्री इडलीचं भिजत घालायला. पण तेव्हा बाटली... मी टॉवेल सोडून नाही बघितली." ती नवऱ्याकडं वळली. "शेखर, प्लीज. डोकं का दुखतंय तुझं?"

"उन्हानं दुखतंय! माणसाचं डोकं उन्हानं दुखतं, प्रिया! मला सोडून सगळ्यांचं उन्हानं दुखतं ना?"

फोनमधून सुमेधा रडत होती. "दादा, जा रे. खोटं बोलत असशील तर बोल, पण जा."

चंद्रशेखर सगळ्यांकडं आळीपाळीनं बघत राहिला. मग पायांत चप्पल घातली.

"चला. रक्त काढा माझं. तेवढंच राहिलं होतं."

जिन्यातून उतरताना दुर्गाबाईंनी त्याचं मनगट धरलं होतं. आधाराला नव्हे. तो मधेच कुठं पळून जाईल म्हणून. खालच्या बाकावर इमारतीतल्या बायका भाजी निवडत बसल्या होत्या. संघप्रियाचे डोळे सुजलेले, म्हातारी मुलाचा हात आवळून धरलेली, हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेली बाटली. एकीनं दुसरीला कोपर मारलं. "झालं वाटतं परत सुरू," हे शब्द रिक्षा सुरू होता होता तिघांनीही ऐकले.

कळंबोलीच्या हॉस्पिटलात तरुण डॉक्टरीण होती. तिनं चंद्रशेखरच्या डोळ्यांत बॅटरी मारली, श्वास बघितला, बाटलीचा वास घेतला, रक्त काढून पाठवलं. "रिपोर्ट येईपर्यंत थांबावं लागेल," म्हणाली. तो खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडला. दुर्गाबाई पायाशी बसल्या. मनात एकच घोकत होत्या, लवकर आणलं, वेळेत आणलं.

बऱ्याच वेळानं ती परत आली. "आजी, ह्यांच्या रक्तात काही नाही. ह्यांनी काही घेतलेलं नाही. पण बाटली खरंच कमी झाली असेल तर ज्यानं घेतलंय तो कुठं आहे? त्याला आणा."

चंद्रशेखर भिंतीकडं बघतच होता. मग एकदम उठून बसला.

"मारोतीकाका," तो म्हणाला.

"काहीतरीच काय. त्यांनी सोडून किती वर्षं झाली."

"मी पण सोडलीय ना, आई? माझं सोडणं खरं नाही, त्यांचं खरं?" तो फोन काढत होता. "पहिल्या धारेची म्हटल्यावर त्यांच्याकडं कुणी बघितलंच नाही. सगळे माझ्याकडं बघत होते."

मारोतीच्या घरी सुनेनं फोन उचलला. "मामा झोपलेत. सकाळपासून उलट्या होतात त्यांना. म्हनतात खोलीत धूर झालाय, खिडक्या उघडा. धूर कुठं हाय, भावजी? मला काय कळत नाय."

चंद्रशेखर हॉस्पिटलातून धावत बाहेर पडला तेव्हा हातावरच्या सुईच्या जागी कापूस तसाच होता. त्यानंच मारोतीला पाठीवर घेऊन रिक्षात घातलं, त्यानंच आणलं. डॉक्टरांनी म्हाताऱ्याचं रक्त धुवायला मशीन लावलं. डॉक्टरीण संघप्रियाला म्हणाली, "सकाळीच आणलं असतं तर बरं झालं असतं." दुर्गाबाई तिथंच उभ्या होत्या. सकाळी त्या ह्याच हॉस्पिटलात होत्या. न प्यायलेल्या माणसाच्या पायाशी बसून.

मारोती जगला. एक डोळा गेला. दुसऱ्याला माणूस दिसतो, पण तोंड ओळखू येत नाही. दुर्गाबाई भेटायला गेल्या तेव्हा त्यांच्या पावलांवरून त्यानं ओळखलं.

"या वैनी. गुडगं कसं हान?"

"माझ्या गुडघ्यांचं मेलं काय घेऊन बसलात. भावोजी, मागितली असतीत तर..."

"तुमी दिली असती?"

"नसती दिली."

"मंग?" तो हसला, आणि मग हसू राहिलं नाही. "पान्याच्या बाटलीन वतून घेतली. तुमी चाय टाकत होतात. मना वाटला, त्या अंगनान बसल्यासारका एकदा प्यावा. पाद्री बाजूला, बटाटं भाजतान, कोनाची भीती नाय. नि पिली कुटं? पोराच्या संडासान, कडी लावून." तो चाचपत उशी सारखी करू लागला. "पयली धार टाकून देतान, ह्या मना कोनी सांगितलाच नाय. आमी तर तिच्यासाठी मारामाऱ्या केल्या." थोड्या वेळानं म्हणाला, "शेखरला पाठवा. पोराला माज्यापायी लय ऐकाय लागला."

त्या संध्याकाळी कंपन्यांचा आंबट वास कॉलनीवर उतरला होता. चंद्रशेखर कामावरून आला, हातपाय धुतले, खुर्चीत बसला. त्या रविवारपासून तो घरात गरजेपुरतंच बोलायचा. दार उघडताना दुर्गाबाई आता पुढं वाकत नव्हत्या. पण आपण वाकत नाही हे त्याला दिसतंय का, हे बघायच्या.

त्यांनी फडताळातून बाटली काढली. उरलेली टाकवत नव्हती, कारण यायानं ओळखदेख नसलेल्या बाईच्या गुडघ्यांसाठी ती राखून ठेवली होती. त्या चंद्रशेखरसमोर येऊन उभ्या राहिल्या आणि बाटली पुढं केली.

"ही तू ठेव. तुझ्या कपाटात. मी मागेन तेव्हा देत जा."

चंद्रशेखरनं हात मागं घेतले. अगदी खुर्चीच्या पाठीपर्यंत.

"आई, नको."

"अरे, माझा विश्वास आहे तुझ्यावर. म्हणूनच..."

"विश्वास आहे म्हणून माझ्या हातात बाटली द्यायची?" तो ओरडला नाही. थकल्यासारखा बोलला. "त्या शनिवारी जेवताना ती टॉवेलमधून निघाली ना, तेव्हापासून रोज झोपताना ती दिसते मला. मी प्यायलो नाही. पण मला ती नको होती असं नाही, आई. हे तुला कळत नाही."

दुर्गाबाईंचा हात तसाच पुढं राहिला. मग त्या वळल्या, मोरीपाशी गेल्या आणि बूच काढून बाटली उपडी केली. वास भस्सकन वर आला, द्राक्षाचा आणि स्पिरिटचा. चंद्रशेखर उठून गॅलरीत गेला. त्यांनी नळ सोडला. पाणी सकाळी तेवढंच यायचं, दिवसभर टाकीवर भागवायचं. एक तांब्या जास्त सांडला तरी त्या सुनेला बोलायच्या.

"गेला का वास?" त्यांनी विचारलं.

"अजून येतोय."

त्यांनी नळ चालू ठेवला. संघप्रिया स्वयंपाक सोडून बघत राहिली.

वास गेल्यावर त्या गॅलरीच्या दारात आल्या. आईनं मुलाची माफी कशी मागायची, हे त्यांच्या माहेरी-सासरी कुणी केलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं.

"शेखर, तू प्यायला नव्हतास."

तो कठड्यावरून खाली बघत होता. खाली बाकावर त्याच बायका बसल्या होत्या.

"ते मला माहीत आहे," तो म्हणाला. "मला नको सांगू. खाली सांग."

दुर्गाबाईंनी चपला घातल्या. गुडघे त्या दिवशी फारच धरले होते. संघप्रिया हात द्यायला पुढं आली, तिला त्यांनी नको म्हटलं. कठडा धरून त्या जिना उतरायला लागल्या, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, मग पुढची.